भैरवमाळच्या जिन्यावरची हाक

भैरवमाळ मेट्रो स्थानकाखालून सुटणाऱ्या बसचं जरा वेगळंच आहे बघा. घंटी मारण्याआधी कंडक्टर जिन्याच्या चार पायऱ्या चढतो आणि वर तोंड करून विचारतो, “कुणी राहिलंय का?” उत्तर आलं नाही, तरच बस हलते. नवी माणसं हसतात. हसू द्या, त्यांना मंजुळाबाई खैरमोडे ठाऊक नाहीत.

या मंजुळाबाई इथल्या कंडक्टर, आणि वेळेच्या बाबतीत महाकडक. दहा दहाला म्हणजे दहा दहालाच घंटी. मेट्रो सुरू झाली, ती यायची दहा बाराला. बस रिकामी धावू लागली, तशा बाई रोज वरच्या पुलाकडे बघून बोटं मोडायच्या, मेट्रोनं आमची माणसं पळवली म्हणून. शेवटी डेपोतून निरोप आला: महिनाभरात गाडी भरली नाही, तर मार्ग बंद. पुढच्या सात वाड्यांना दुसरी बसच नव्हती.

असं सांगतात, की त्याच दिवशी घंटी मारून बाईंनी सहज मागच्या काचेतून पाहिलं. जिन्यावरून एक पोटुशी बाई हात हलवत उतरत होती आणि तिच्यामागे पंधरा-वीस माणसं. बस निघालेली पाहून सगळे मुकाट थांबले, रोजचंच असल्यासारखे. मंजुळाबाईंना तेव्हा उमगलं. माणसं कुणी पळवली नव्हती, त्याच त्यांना दोन मिनिटांसाठी टाकून जात होत्या. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दहा दहा झाले, तरी घंटी वाजेना.

“बाई, मेमो येईल,” ड्रायव्हर रज्जाकभाई म्हणाले.

“येऊ दे, माझ्या नावावर येऊ दे. वरची माणसं उतरल्याशिवाय मी घंटी मारणार नाही.” आणि त्या जिन्यावर चढून हाका मारू लागल्या.

त्या महिन्यात तीन मेमो आले म्हणे. माणसं मात्र आधी वीस आली, मग तीस, मग मोजायची सोय राहिली नाही. तिसाव्या दिवशी तपासनीस मार्ग बंद करण्याचा कागद घेऊनच आले. त्यांना बसमध्ये उभं राहायला जेमतेम जागा मिळाली. कागद खिशातच राहिला, आणि शेवटच्या वाडीत उतरून त्यांनी याच मार्गासाठी आणखी एक बस मागितली.

आता तिथून अकरा बस सुटतात. बाई निवृत्त झाल्या, गुडघ्यांनी दगा दिलाय. आजही दर सोमवारी दवाखान्यातून मेट्रोनं परतताना त्या एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरतात. खाली भरलेली बस उभी असते. बाईच वरून ओरडतात, “अगं, वेळ झाली, मार घंटी.”

कंडक्टर पोरगी मारत नाही.