मुकुट घातलेली गोमती

राजे हत्तीवरून मिरवायचे त्या काळी एका हत्तीखान्यात गोमती नावाची हत्तीण होती. राजाच्या हत्तीच्या कपाळावरचा रत्नजडित मुकुट दिसला, की तिचा जीव तुटायचा. "एकदा तरी घालायला मिळावा रे," ती आपल्या पिल्लाला, दगडूला म्हणायची.

एका दसऱ्याला राजाचा हत्ती आजारी पडला आणि तो मुकुट गोमतीच्या कपाळावर चढला. अंगावर जरीची झूल आली, माथ्यावर अत्तर शिंपडलं गेलं. लोक वाकवाकून बघत होते. गोमतीचा आनंद गगनात मावेना.

तेवढ्यात दगडू आईला शोधत मिरवणुकीत शिरला.

"बाईसाहेब, माझी आई दिसली का?"

"अरे, मीच तुझी आई!"

त्यानं सोंड पुढं केली आणि तो दचकून मागं सरला. "आवाज तिच्यासारखा काढता, पण वास तिचा नाही," म्हणत तो रडत निघाला.

गोमतीनं मुकुट उपटून टाकला, झूल ओढून काढली आणि रस्त्यावरची धूळ अंगभर उडवली. तेव्हा कुठं दगडू धावत येऊन तिच्या पायांत शिरला.

पुन्हा तिला कुणी मिरवणुकीत नेलं नाही. पण दर दसऱ्याला ती दगडूला सोंडेनं जवळ धरून दाराशी उभी राहायची आणि मुकुट दिसेनासा होईपर्यंत बघत राहायची.