देवाच्या घोड्याचे खूर

"म्हंजे, देवाच्या घोड्याला उपाशी ठेवू म्हणता?" तुळाजीनं विचारलं.

दस्तगीर उस्ताद उकिडवे बसले होते. तुऱ्याच्या पुढच्या खुरावर त्यांनी पालथा हात ठेवला होता, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा.

तुरा म्हणजे आमच्या खंडोबाचं पांढरं तट्टू. कुणीतरी नवसाचं म्हणून देवाला सोडलेलं. त्याच्यावर कुणी बसायचं नाही, त्याला कामाला जुंपायचं नाही, असा रिवाज. चंपाषष्ठीला पालखीच्या पुढं टेकडीच्या एकशे ऐंशी पायऱ्या त्यानं चढायच्या. बाकी वर्षभर उभं राहायचं आणि खायचं. दर रविवारी भक्त यायचे, भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि गूळ त्याच्या तोंडाशी धरायचे, त्याच्या खुराला हात लावायचे आणि मग त्याला सांभाळणाऱ्या तुळाजीच्या पाया पडायचे. नऊ वर्षं हे चाललं होतं. आता तर तुळाजी न सांगता पाय पुढं करायचा.

उस्ताद आमच्या भागातले जुने नालबंद. घोड्याचा पाय कसा धरायचा, हे तुळाजीला त्यांनीच शिकवलेलं. सणासाठी नवे नाल ठोकायला म्हणून त्यांना बोलावलं होतं. त्यांनी आल्या आल्या होते तेच नाल सांडशीनं उपटून काढले आणि डाळीची टोपली लांब सारली.

"हात लाव," ते म्हणाले.

तुळाजीनं खुराला हात लावला. "ऊन लागतंय."

"आता घोट्याच्या मागं बघ."

"नाडी उडतीय..."

"पुढचे पाय पुढं टाकून, मागं रेलून उभा हाय. कवापासून?"

"चार दिस झालं. आम्ही म्हटलं, ऐटीत उभा हाय."

उस्तादांनी मान हलवली. "डाळ-गूळ अती झाला की खुराच्या आत जाळ हुतो. नखाची अन् हाडाची पकड सुटती. मग हाड खाली उतरतं. ऐट न्हवं ती. त्याला जमिनीवर पाय टेकवत न्हाई."

"पर उस्ताद, देव भावाचा भुकेला असतोय."

"देव असंल. हा गवताचा भुकेला हाय."

दाराशी उभा होतो तो मी हसलो. तुळाजी हसला नाही.

उस्तादांनी त्याचा अंगठा धरला आणि तुऱ्याच्या खुरावरून वरून खाली फिरवला. खुरावर आडवी वळी उठली होती, एकाखाली एक.

"पोथी वाचतोस न्हवं रोज? हे वाच. केसांच्या खालचं हे वळं दसऱ्याचं. हे खालचं श्रावणातलं. हे चैत्रातलं. अन् पार तळाला, झिजत आलंय ते, गेल्या चंपाषष्ठीचं. जवा जवा तुम्ही सण केला, तवा तवा ह्याला ताप आला."

तुळाजीनं अंगठा पुन्हा वळ्यांवरून फिरवला आणि चटकन काढून घेतला... खरं सांगायचं तर मलाही तिथं उभं राहवेना. त्या वळ्यांत माझ्याही हातचा गूळ होता.

"उपाय सांगा," तो शेवटी म्हणाला.

"आजपासून डाळ बंद, गूळ बंद. वाळलं गवत, तेही पाण्यात भिजवून. खाली ओली वाळू टाक. वरीसभर पायरी न्हाई. नवं खूर वरनं खाली यायला तेवढा वखत लागतो."

"चंपाषष्ठी आठ दिवसांवर आलीया."

"येऊ दे की."

"पालखीच्या पुढं घोडा नसला तर..."

"तर काय?"

काय ते तुळाजीलाही ठाऊक होतं आणि मलाही. घोडा नसला की कुणी तुळाजीच्या पाया पडणार नव्हतं.

रविवारी त्यानं तबेल्याच्या दारावर पाटी लावली, घोड्यास काही खाऊ घालू नये. उस्ताद कट्ट्यावर बसून बघत होते. पहिल्या दोघांना तुळाजीनं परत पाठवलं. "देवापेक्षा पुजाऱ्याचाच तोरा मोठा," म्हणत ते गेले. पाया न पडताच गेले. तिसरी एक बाई लांबून आली होती. तिचं पोर उशिरा चालायला लागलं होतं, त्याचा नवस. तिच्या हातात डाळीची वाटी होती.

तुळाजीनं पाटीकडं पाहिलं. मग तिच्या पोराकडं. मग पोरानं त्याच्या पायाशी वाकवलेल्या डोक्याकडं.

"एक मूठ घाला," तो म्हणाला. "एका मुठीनं काय हुतंय?"

तिला घालू दिली म्हटल्यावर बाकीच्यांना नाही कसं म्हणणार? ज्याची त्याची एकच मूठ होती. माणसं दोनशेच्या वर होती.

उस्ताद उठले, धोतर झटकलं आणि निघून गेले.

चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी तुळाजीनं परगावच्या नालबंदाकडून नाल ठोकून घेतले. सकाळी तुऱ्यावर झूल पडली. पहिल्या पायरीवरच तो थरथरला. एकेका पायरीला थांबायचा, डोलायचा, पाय उचलायचा आणि तसाच अधांतरी धरायचा.

"घोड्याच्या अंगात आलंय!" कुणीतरी ओरडलं. "येळकोट, येळकोट!"

भंडारा उधळला गेला. तट्टू पिवळंधमक झालं. नव्वदाव्या पायरीच्या आसपास त्यानं पुढचे गुडघे टेकले, तेव्हा बायांनी पदर डोक्यावर घेऊन हात जोडले. म्हणे, घोड्यानं देवाला नमस्कार केला. माणसाइतकं आंधळं जनावर मी दुसरं बघितलेलं नाही, आणि त्या गर्दीत मी पुढच्याच रांगेत होतो.

त्याला उचलून खाली आणावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्ताद आले. तुरा कुशीवर पडला होता. भंडारा अजून अंगावर तसाच. उस्तादांनी नाल काढले, पुढच्या खुराचा तळवा पुसला आणि बघत राहिले. तळव्यातून हाडाचं टोक बाहेर आलं होतं.

त्यांनी पाय हळूच खाली ठेवला.

"औषध..." तुळाजी म्हणाला.

"डॉक्टरला बोलव. सुई देईल. सुटंल बिचारा."

तुळाजी खाली बसला, पाय पसरून. लहान मुलासारखा रडायला लागला.

"नऊ वर्सं, उस्ताद! माज्या तोंडात घास जायच्या आदी त्याच्या तोंडात घातला. थंडीत माजं घोंगडं त्याच्या अंगावर टाकलं. जिवापाड जपलं त्याला. मी काय कमी केलं? सांगा, काय कमी केलं?"

उस्तादांनी तुऱ्याच्या मानेवरचा भंडारा पुसला.

मग ते वाकले आणि त्यांनी तुळाजीच्या पावलांवर हात ठेवला.

तुळाजी दचकला. पाय पोटाशी ओढत म्हणाला, "उस्ताद! तुम्ही कशाला माज्या पाया पडता?"

"पाया पडत न्हाई," उस्ताद म्हणाले. "माणसं तुमच्या दोघांच्याबी पायाला हात लावायची. तुझेबी ऊन लागत्यात का बघितलं..."

त्यांनी हात मागं घेतला.

"गार हायेत रे तुझे."