शिकायचं वय

शिकायचं वय परस्पर ठरवून टाकणाऱ्यांनो, आजवर किती हुशार माणसं घरी बसवलीत तुम्ही!

एसटी आगारातली नोकरी सांभाळून त्रेचाळीस वर्षांची हेमांगी तारळेकर आयटीच्या पदवीच्या शेवटच्या तोंडी परीक्षेला बसली होती. पांढऱ्या केसांचे परीक्षक निमकर सर तिला पाहून हसले.

"बाई, चाळिशीनंतर डोक्यात नवं काही शिरत नाही. कशाला प्रश्न विचारू? नापासच करतो."

"सर, तुम्ही शिकत होतात तेव्हा कॉलेजात क्लाउड कॉम्प्युटिंग शिकवायचे?"

"छे! तेव्हा कुठलं? पन्नाशीत माझं मी शिकलो!" सरांची छाती फुगली.

"मग मी सात वर्षं आधीच आलेय, सर. विचारा."

सर ओशाळले, पण विचारत गेले. हेमांगी चोख उत्तरं देत पास झाली.

दारातून शिपाई म्हणाला, "पुढचा पाठवू, का सरांना अजून काही शिकायचंय?"