मनोलीचा आरसा फुटला

ऐका हं. एक होती मनोली. मनोली म्हणजे पाखरू. कितीसं? तुमच्या मुठीत मावेल एवढंसं! तिचा थवा गेला उडून. मनोली राहिली मागे. एकटीच.

नलूमावशीच्या बाथरूमला एक खिडकी होती. समोर होता आरसा. रोज सकाळी मनोली खिडकीत यायची. टुणुक टुणुक. आरशात तिची मैत्रीण बसलेली असायची. तीही एवढीशीच. मनोली मान वाकडी करायची. मैत्रीणही मान वाकडी करायची. बास! मनोली खूश!

एकदा काय झालं? खिळा निसटला. आरसा पडला. खळ्ळ्! तुकडेच तुकडे.

"अगंबाई!" नलूमावशी म्हणाली. "आता काचवाले चाचा नवा आणतील तेव्हा खरा. तोवर चाचपून भांग पाडायचा!" तिने तुकडे गोळा केले, आणि गेली.

मनोली आली. टुणुक टुणुक. भिंत होती. मैत्रीण नव्हती. मनोलीला रडूच आलं.

ती गेली चाचांकडे. भुर्र!

"चाचा, चाचा, चला ना!
आरसा लागेना,
मैत्रीण दिसेना.
मी आपली एकटी, एकटी, एकटी!"

चाचा म्हणाले, "आरसा कापून ठेवलाय गं बाई. पण जाऊ कसा? सायकल चालेल, तर मी येईन."

मनोली गेली सायकलकडे. टुणुक टुणुक.

"सायकलबाई, सायकलबाई, चाल ना!
चाचा येईना,
आरसा लागेना,
मैत्रीण दिसेना.
मी आपली एकटी, एकटी, एकटी!"

सायकल म्हणाली, "करकर! करकर! अंग आखडलंय माझं. तेल मिळेल, तर मी चालेन."

मनोली गेली तेलाच्या घाण्याकडे. भुर्र!

"घाणेदादा, घाणेदादा, तेल दे ना!
सायकल चालेना,
चाचा येईना,
आरसा लागेना,
मैत्रीण दिसेना.
मी आपली एकटी, एकटी, एकटी!"

घाणा म्हणाला, "कुईं कुईं! मी का आपला आपण फिरतो? बैल फिरेल, तर तेल गळेल."

बैल कुठे होता? तिथेच! पाय पसरून बसली होती स्वारी. मनोली गेली बैलाकडे. टुणुक टुणुक.

"बैलोबा, बैलोबा, फिर ना!
तेल गळेना,
सायकल चालेना,
चाचा येईना,
आरसा लागेना,
मैत्रीण दिसेना.
मी आपली एकटी, एकटी, एकटी!"

बैल म्हणाला, "हंबाऽऽ! पाठीत गोचीड चावते. कचकच चावते! साळुंकी ती टिपेल, तर मी फिरेन."

आता साळुंकी शोधा! मनोली दमली होती. पंख दुखत होते. वाटेत कुणी भेटेना, कुणी बोलेना. लिंबाच्या झाडावर बसली होती साळुंकी. मान खाली घालून.

"साळुंकीताई, साळुंकीताई, ये ना!
बैल फिरेना,
तेल गळेना,
सायकल चालेना,
चाचा येईना,
आरसा लागेना,
मैत्रीण दिसेना.
मी आपली एकटी, एकटी, एकटी!"

साळुंकी हळूच म्हणाली, "मीसुद्धा. एकटीनं बसायचं, एकटीनं खायचं. घास गोडच लागत नाही गं. कुणी शेजारी बसेल, तर मी गोचीड टिपेन."

मनोलीला सगळं कळलं. "चल," ती म्हणाली. "मी बसते."

दोघी बसल्या बैलाच्या पाठीवर. मनोली गोचीड खाते का? शी! ती नुसती शेजारी बसली.

साळुंकीनं गोचीड टिपली. टिच्!
बैल म्हणाला, "हाऽऽश्श!"
बैल फिरला. खुळखुळ!
तेल गळलं. टप्!
मनोलीनं थेंब चोचीत धरला. भुर्र! मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.
सायकल चालली. सर्रर्र!
चाचा आले. ट्रिंग ट्रिंग!
आरसा लागला. ठक ठक ठक!

मनोली खिडकीत बसली. हळूच पाहिलं.

होती! मैत्रीण होती!

"आलीस गं!" मनोली म्हणाली.

पण हे काय? मैत्रिणीच्या शेजारी कुणीतरी बसलं होतं. पिवळी चोच. पिवळे पाय.

मनोलीचं तोंड एवढंसं झालं. "तुला दुसरी मैत्रीण मिळाली? मग मी पुन्हा एकटी?"

मैत्रीण बोलली नाही. आरशातली मैत्रीण कधी बोलते का?

पण कानाशी आवाज आला, "एकटी कशी? मी आहे ना!"

मनोलीनं वळून पाहिलं. शेजारी साळुंकी होती. खरीखुरी!

"तू कधी आलीस?"

"तुझ्या मागे मागेच! तू कुठे बघतेस मागे?"

मनोली सरकली. साळुंकी सरकली. पंखाला पंख लागला. आरसा होता गार गार. पंख होता ऊन ऊन.

दोघी बसल्या खिडकीत.
तुम्ही या पाहू कुशीत!