कुंभार गल्लीची बोटं

नदीकडे उतरणाऱ्या कुंभार गल्लीच्या तोंडाशी छातीएवढा काळा दगड उभा आहे. त्यावर ओळीने चित्रं कोरलेली आहेत : खाट, बैलगाडी, टांगा, सायकल, अगदी शेवटी रिक्षा. प्रत्येक चित्राखाली गेरूची बोटं उठवलेली असतात. कुठे एक, कुठे चार. बाहेरून आलेल्यांना तो देव वाटतो आणि ते हात जोडतात. गल्लीतली म्हातारी माणसं त्यांना हसत नाहीत. शेजारच्या पारावर बसवतात, पाणी देतात आणि मग धुळाप्पाची गोष्ट सांगतात.

फार वर्षांपूर्वी या गल्लीत धुळाप्पा कुंभार राहत होता म्हणे. त्या काळी गल्लीला आपल्या रस्त्याचा मोठा अभिमान. केरबाच्या बैलगाडीत पेंढा घालून मडकी रचायची, तीन वळणं उतरून बाजाराला न्यायची, एकही फुटायचं नाही. पाहुण्याने रस्त्याचं विचारलं की धुळाप्पाच सांगायचा, "मडकं फुटत न्हाई, म्हंजे रस्ता चांगलाच की."

त्याच भरवशावर त्याने थोरल्या लेकीला, गंगूला, अवघडलेली असताना केरबाच्या गाडीत बसवलं होतं. दुसऱ्या वळणावर चाक खड्ड्यात आदळलं. गाडी खाली सुईणीच्या दारात पोचली तेव्हा पेंढा लाल झाला होता. पोर गेलं, आणि दिवस मावळायच्या आत गंगूही गेली. त्या दिवसापासून धुळाप्पा रस्त्याबद्दल बोलायचा थांबला.

तीन वर्षांनी धाकटी सगुणा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आठव्या महिन्यात तिच्या अंगावर जायला लागलं. नदीकाठच्या हसीनाबी सुईणीला एकदा कसंबसं वर आणलं. तिने पोट चाचपलं आणि बापाला बाजूला घेतलं.

"पोर आडवं हाय, धुळाप्पा. मला हितं राहता यायचं न्हाई, खाली दारात आणखी तिघी हायत. पंधरा दिवसांच्या आत हिला माझ्याकडं आण. चालवू नकोस. आन् धक्का बसू देऊ नकोस. बसला तर माझ्या हातात काय न्हाई बघ."

धुळाप्पाला जेवण जाईना. भाकरीचा तुकडा मोडायचा आणि हातातच राहायचा. डोळ्यांपुढे दुसरं वळण यायचं. मडकी उतरतात ती पेंढ्यात, हे त्याला आता कळत होतं. पोटातल्या पोराभोवती कुणी पेंढा भरायचा?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने एक घागर काठोकाठ भरली, केरबाच्या गाडीत सगुणा बसेल त्या जागी ठेवली आणि गाडी खाली न्यायला सांगितली. स्वतः मागून चालला. खाली पोचल्यावर घागरीत हात घालून मोजलं. पाणी चार बोटं उतरलं होतं. वर येऊन त्याने गल्लीच्या तोंडाच्या दगडावर गेरूची चार बोटं उठवली. मग बाबालालचा टांगा आणला. दुसऱ्या वळणावर घागर आडवीच झाली. खाटेवर ठेवून चौघांच्या खांद्यावरून नेली, तर उतारावर खाट कलली आणि पाच बोटं गेली.

"धुळाप्पा, रस्त्याला न्हाऊ घालतोस व्हय?" केरबाने विचारलं.

"न्हाई रं. कुठं दुखतंय ते इचारतोय त्याला."

ते खरंच होतं. कोरड्या धुळीत जिथे पाणी सांडलं होतं, तिथे ओले डाग पडले होते. जिथे डाग, तिथे धक्का. धुळाप्पाने डाग मोजले. सत्तावीस भरले. भट्टीमागच्या खापऱ्या टोपलीने आणायच्या, खड्ड्यात घालायच्या, वर चिकणमाती चोपायची, आणि पुन्हा भरली घागर घेऊन गाडी उतरवायची, असं त्याने सुरू केलं. चाराची तीन बोटं झाली. मग खापऱ्या संपल्या. दुसरं वळण अजून बाकी होतं, आणि त्याच सकाळी सगुणाला कळा सुरू झाल्या. अजून सहा दिवस हाताशी आहेत असं तो धरून चालला होता.

असं सांगतात, की धुळाप्पा घरात गेला आणि नुकत्याच भट्टीतून निघालेल्या, बाजारासाठी रचून ठेवलेल्या मडक्यांतलं एक उचलून वळणावर आपटलं. मग दुसरं. कुंभाराच्या हातून धड मडकं फुटताना गल्लीने कधी पाहिलं नव्हतं. बायका दारात उभ्या राहिल्या. केरबा घरात गेला, आपले दोन रांजण आणून खड्ड्यात फोडले. मग घराघरातून मडकी येऊ लागली. दुपारपर्यंत दुसरं वळण भरून चोपून झालं.

गाडीत गुडघाभर पेंढा घातला, त्यावर सगुणाला निजवलं, उशाशी भरली घागर ठेवली. केरबा बैलांच्या कासऱ्याशी. धुळाप्पा गाडीचं मागचं लाकूड धरून चालला.

"आबा, माझ्याकडं बघा की," सगुणा कळवळून म्हणाली.

"बघतो, बाई. खाली गेल्यावर बघतो." त्याची नजर पाण्यावरून हलली नाही. दुसऱ्या वळणावर पाणी काठाशी आलं, थरथरलं, आणि माघारी गेलं.

कुणी सांगतात, एक थेंबही सांडला नाही. पण गल्लीतली म्हातारी माणसं एवढं वाढवून बोलत नाहीत. पाणी एक बोट उतरलं होतं. हसीनाबीने पोर फिरवून घेतलं, दिवेलागणीच्या आधी मुलगी झाली, आणि त्याच घागरीतल्या पाण्याने तिला पहिली आंघोळ घातली. तिचं नाव गंगू ठेवलं म्हणे.

आजही दसऱ्याला सगळीकडे गाड्यांना हार घालतात, तेव्हा या गल्लीत आधी गाड्यांमध्ये भरल्या घागरी ठेवतात. परीक्षा गाडीची नसते, रस्त्याची असते. ज्या गाडीची बोटं मागच्या वर्षीपेक्षा वाढली तिचे ओले डाग शोधतात, आणि प्रत्येक घर एक धड मडकं आणून तिथे फोडतं. वरून डांबर आलं, तरी खाली मडकीच आहेत.

आणि आजही या गल्लीतून अवघडलेली लेक रिक्षातून दवाखान्याला निघाली, की तिच्या पायाशी भरलेली कळशी ठेवतात. शेजारी बसलेला बाप तिच्या तोंडाकडे बघत नाही. खाली पोचेपर्यंत तो पाण्याकडेच बघत असतो.