येसाक्कानं मुक्या पेवाला मारलेली हाक

कृष्णेवर पूल नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. पिंपळखड गावात हळद जमिनीच्या पोटात ठेवायचे. रांजणासारखं पेव खणायचं, तोंड लहान, पोट मोठं. हळद ओतून तोंड मातीनं लिंपायचं, आणि भाव आला की फोडायचं.

त्यातलं एक पेव माणसं खायचं. त्याला मुकं पेव म्हणत. माणूस आत उतरला की वर कुणी त्याचं नाव घ्यायचं नाही, अशी रीत. पेवानं नाव ऐकलं की माणूस पेवाचा झाला, असं म्हणत. म्हणून वरची माणसं ओठ शिवून उभी. आतला गप्प झाला, तरी हे गप्पच. मग संध्याकाळी मढं वर काढायचं आणि म्हणायचं, कुणीतरी मनातल्या मनात नाव घेतलं असेल. याला म्हणायचं गावाची अक्कल!

येसाक्का त्या पेववाल्यांच्या घरची धाकटी सून. पेवानं तिचा सासरा खाल्ला, थोरला दीर खाल्ला. ज्याचं पेव, त्याच्याच घरच्यानं उतरायचं. त्या साली तिच्या नवऱ्याची, सुबरावची पाळी आली.

"मी तोंडाशी उभी राहणार," ती म्हणाली.

सुबराव हसला. "राहा की. माझं नाव तू उखाण्यातसुद्धा गिळलंस. पेवाला तुझी कसली भीती?"

तो उतरला. हळदीची पाटी दोरानं वर आली. दुसरी आली. मग दोर सैल पडला तो पडलाच. येसाक्कानं सासूकडं बघितलं. म्हातारीच्या डोळ्यांना धार लागलेली आणि बोट ओठावर. त्या बोटापायी दादला गेला, थोरला लेक गेला, तरी बोट खाली येईना.

"सुबराव!" येसाक्का ओरडली.

आतून काही नाही.

"भवाने, गिळलास माझा लेक!" सासू किंचाळली.

"तुमच्या मुकेपणानं गिळला, आत्याबाई! दोर धरा. माझा आवाज येतोय तोवर मी जित्ती आहे."

पदर खोचून ती उतरली, नवऱ्याच्या नावानं हाका मारत. त्याच्या काखेत दोर बांधून ओरडली, "ओढा!" सुबराव निळा पडून वर आला. वारा लागला तशी छाती हलली. आतून हाक चालूच होती, "सुबराव! सुबराव!" त्यानं कशीबशी ओ दिली. उभ्या जन्मात त्यानं बायकोला "अगं"शिवाय बोलावलं नव्हतं. तो पेवाच्या तोंडावर पालथा पडला आणि ओरडला, "येसा!"

हाक थांबली.

परत सोडलेला दोर रिकामा आला. पुढं वारा खेळू देऊन पेव तळापर्यंत उपसलं. सगळी हळद निघाली, येसाक्का निघाली नाही. मढंसुद्धा नाही, असं म्हणतात. सासू मात्र त्यानंतर दारावरच्या कुत्र्यालाही नावानं हाक मारायची आणि ते भुंकेपर्यंत हलायची नाही.

पिंपळखडात आजही पेव फोडलं की बायका वाकून आधी हाक मारतात, "येसाक्का!" आतून ओ आली, तर येसाक्का अजून तिथंच उभी आहे, दुसऱ्याला जागा नाही, असं म्हणतात. त्या दिवशी कुणी उतरत नाही. ओ आली नाही, तरच पुरुष उतरतो, आणि त्याची बायको तोंडाशी बसून त्याला नावानं हाका मारत राहते. त्यानं दर हाकेला ओ द्यायची. आणि जिची जीभ नवऱ्याचं नाव घ्यायला अडते, तिच्या घरची हळद आतच सडू देतात.