काच झालेला तलाव

एका राज्यात नदी अडवून बांधलेला अथांग तलाव होता आणि त्याचे दरवाजे अंबुजा नावाची बाई राखत असे. एका दुष्काळात राजा हेमकेत असा धास्तावला, की खालच्या गावांना तो पाण्याचा थेंबही सोडीना. तिथे धूम्रा नावाची चेटकीण राहत होती. तिचं तान्हं मूल तहानेनं गेलं. ती बांधावर आली आणि म्हणाली, "राजा, धरून ठेवलंस ते धरलेलंच राहो!" तत्क्षणी सारा तलाव काच झाला. मासे आत जिथल्या तिथे थिजले.

आता राजधानीही तहानली. अंबुजेचा जीव मात्र खालच्या गावात नांदणाऱ्या लेकीपाशी अडकला होता.

काठावरची टिटवी तिला म्हणाली, "ही काच विरघळायला हवी, तर तीन कामं कर. डोंगराला विचार, यंदा किती देशील. गावांना विचार, किती लागेल. मग राजाला खरं ते सांग."

अंबुजा डोंगर चढली. डोंगर म्हणाला, "दहांत सात वाटे पाऊस देईन. पण उशिरा."

मग ती गावोगाव फिरली. प्रत्येक रांजणात, प्रत्येक विहिरीत डोकावली. लेकीच्या दारी टेकली, तर लेकीनं तळाचा गढूळ घोट आईपुढेच धरला. अंबुजेनं तो तिलाच पाजला, तिच्या सुकल्या ओठांवरून बोट फिरवलं आणि ती उठली.

तिसरं काम अवघड होतं.

"महाराज, निम्मा तलाव खाली सोडावा. उरलेलं पाणी पावसापर्यंत नगराला पुरेल."

"डोंगर चुकला तर?"

"चुकू शकतो. मी खात्री देत नाही, अंदाज देते."

"मग कशाच्या भरवशावर सोडू?"

"खाली माणसं आहेत, महाराज."

राजा तिच्याबरोबर बांधावर आला. "मला भीती वाटते, अंबुजे."

"मलाही वाटते."

दोघांनी मिळून दरवाजाचं चाक फिरवलं. काच तडकली नाही, हलकेच विरघळली. माशांनी शेपट्या हलवल्या. पाणी खळाळत निघालं आणि गावांपर्यंत पोचलं. धूम्रा नदीत बसून ढसाढसा रडली. अंबुजा तिच्या शेजारी पाण्यात बसून राहिली.

मृग कोरडा गेला. आर्द्राही गेल्या. तलावात उरलेलं पाणी रोज खाली जाऊ लागलं. दरबारी म्हणू लागले, "गावांचं पाणी तोडा." राजा रोज बांधावर येऊन बसे.

"उशिरा म्हणजे किती गं?"

"डोंगरानं तेवढं सांगितलं नाही, महाराज."

राजा उसासा टाकी, पण दरवाजा लावा असं काही म्हणेना.

पुनर्वसूच्या तिसऱ्या दिवशी डोंगर काळवंडला आणि पाऊस कोसळला. राजा भिजत बांधावर धावत आला. अंबुजा गुडघाभर पाण्यात काठी धरून उभी होती.

"किती चढलं?"

"हातभर, महाराज."

राजानं तोंडावरचं पाणी निपटलं. "मग त्यातलं खाली किती सोडायचं, ते सांग."

त्या दिवसापासून त्या राज्यात दर चैत्रात डोंगराला विचारायला माणूस जाऊ लागला, आणि नदी पुन्हा समुद्रापर्यंत पोचू लागली.